कारणाचा रकाना

ही गोष्ट अंधेरी पूर्वेच्या एका मुलींच्या वसतिगृहाची. वसतिगृह आणि त्यातली माणसं कथेतली आहेत, त्यांचा पत्ता शोधू नये. पाऊस मात्र खरा आहे. तो ज्यांनी अंगावर घेतला, ते लोक आजही जुलैअखेर आभाळ भरून आलं की घरच्या प्रत्येकाला फोन करून विचारतात, कुठे आहेस.

महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला एक गल्ली फुटायची. तिच्या टोकाला दुमजली जुनी इमारत, पुढे मारियेचा छोटा पुतळा, मागे कपडे वाळत घालायची गच्ची. धर्मभगिनी चालवायच्या. अठ्ठेचाळीस मुली. त्यांतल्या ख्रिस्ती पंधरा-सोळा, बहुतेक वसईच्या आणि गोव्याच्या. बाकीच्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या. गावाकडचे आईबाप मुलीला मुंबईत एकटी ठेवायला तयार नसत, पण ‘सिस्टरांकडे राहणार’ म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. या विश्वासावरच ते वसतिगृह उभं होतं आणि हा विश्वास फार मोलाचा होता, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. पुढे मी नियमांबद्दल जे लिहिणार आहे, ते त्या विश्वासाची किंमत कमी करून नव्हे.

जिन्याखाली फळा होता आणि त्यावर टंकलेले सत्तावीस नियम. संध्याकाळी साडेसातला फाटक बंद. पावणेआठला प्रार्थना, तिला सगळ्यांनी बसायचं, म्हणायची सक्ती कुणालाच नाही. जेवणाआधी दोन मिनिटं उभं राहायचं. उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-मासे नाहीत. खोलीत कॉइल, इस्त्री, शेगडी नाही. पुरुष पाहुणा फक्त बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, तोही बाप किंवा भाऊ, आणि कार्डावर त्याचा फोटो हवा. बाहेरच्या माणसाला आत मुक्काम नाही. साडेदहाला दिवे बंद. चौदावा नियम असा की शिक्षण चालू असेतो कुठलीही नोकरी करायची नाही. शिकायला आलात, शिका.

आणि वही. फाटकाशी एका उंच स्टुलावर लाँगबुक असायचं. त्याच्या रेघा सिस्टर दर महिन्याच्या शेवटच्या रात्री स्वतः आखायच्या, लाकडी पट्टी आणि तांबडं बॉलपेन घेऊन. नाव, खोली, कुठे, कारण, निघाली, परतली, सही. सात रकाने. सिस्टर वसईकडच्या नंदाखालच्या, पन्नाशीच्या, चालताना एका पायावर किंचित भार देणाऱ्या. मुलींना त्या नावाने क्वचितच हाक मारायच्या, गावावरून मारायच्या. अगं औसा, तुझं पत्र आलंय. देवगड, ताटात भात टाकू नकोस. मुलींनाही ते आवडायचं. घर सोडून आल्यावर गावाचं नाव कुणीतरी रोज घेतं, हे काही थोडं नाही.

सातांपैकी चौथा रकाना मुलींना जाचायचा. ‘कारण’मध्ये काय चालतं ते सगळ्यांना पाठ होतं. ग्रंथालय, क्लास, डॉक्टर, नातेवाईक, चर्च. याखेरीज काही लिहिलं की सिस्टर चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, आणि त्यांचं विचारणं संपेपर्यंत बाहेर जायची वेळ संपलेली असायची. मग मुली चालणारी कारणं लिहायला शिकल्या. जिला नुसतंच जुहूच्या वाळूवर अर्धा तास बसायचं होतं तिनेही ‘डॉक्टर’ लिहिलं. सिस्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. पण वही भरलेली दिसायची, आणि भरलेल्या वहीने त्यांना झोप लागायची.

लांज्याची एक मुलगी होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मे महिन्यात तिचे वडील आंबे उतरवताना झाडावरून पडले, कंबर गेली. धाकटा भाऊ दहावीला. जूनमध्ये ती परत आली ती एक ठरवून. कलिन्याला एका घरी दोन मुलांची शिकवणी तिने धरली, मंगळवार आणि शुक्रवार. महिन्याला नऊशे रुपये. त्यातल्या सहाशेंची मनीऑर्डर. वहीत ती लिहायची: ‘फोर्ट, युनिव्हर्सिटी लायब्ररी’, आणि पुढे ‘वाचन’. कलिना जवळ पडतं. तिथलं ग्रंथालय लिहिलं असतं तर दोन तासांत परत यावं लागलं असतं. फोर्ट लिहिलं की जायला-यायला धरून चार तास सुटायचे. खोटं बोलणाऱ्या माणसाला हिशेब करावा लागतो, तसा तिने केला होता. तो हिशेब सहाशे रुपयांचा होता, हेही वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

२६ जुलै २००५, मंगळवार. दुपारी दीडला तिने वहीत नेहमीची ओळ लिहिली, छत्री उघडली आणि गेली.

दोननंतर जो पाऊस लागला तो पाऊस वाटेनासा झाला. पलीकडची इमारत दिसेना. भरतीची वेळ, विहार-पवईकडून फुगून आलेली मिठी, आणि त्या नदीच्या काठाला आपण सगळ्यांनी मिळून आवळत आणलेला फास. पाणी समुद्राकडे जायच्या ऐवजी घरांत शिरलं. लोकल थांबल्या. उपनगरांतली वीज गेली, मोबाइल मुके झाले. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. साकीनाक्याला डोंगराची कड झोपड्यांवर आली आणि माणसं गाडली गेली. हे सगळं नंतर कळलं. त्या संध्याकाळी गल्लीत फक्त पाणी चढत होतं आणि पाच वाजता सिस्टरांनी वही उचलून आत आणली.

एकोणीस मुली बाहेर होत्या.

मेणबत्ती लावून त्यांनी ‘कुठे’चा रकाना वरून खाली वाचला आणि जवळच्यापासून लांबच्यापर्यंत ठिकाणं एका कागदावर उतरवली. गच्चीवरची कपड्यांची नायलॉनची दोरी सोडून आणली. वॉचमनकाका, वसईच्या दोन पोहणाऱ्या मुली आणि सिस्टर स्वतः, झगा गुडघ्यापर्यंत खोचून. मरोळच्या क्लासमध्ये तिघी होत्या. वर्गात बाकांवर उभ्या होत्या, दोरीला धरून आणल्या. चकाल्याच्या दंतवैद्याकडे एक होती. ती खरोखरच दाढ दुखत असल्याने गेलेली. सीप्झच्या फाटकाजवळ दोघी भेटल्या. साकीनाक्याला मावशीकडे गेलेली एक काही केल्या गाठता येईना. पण ती कुठल्या घरी आहे ते माहीत होतं, म्हणून तिकडे पायी निघालेल्या एका माणसाजवळ चिठ्ठी दिली आणि पहाटे तिचा मावसभाऊ निरोप घेऊन आला. वहीत लिहिलेली जागा खरी असली की माणूस अंधारातही सापडतं. त्या रात्री वसतिगृहात असलेल्या सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना त्या वहीचा राग होता त्यांनीही.

आठच्या सुमारास टेलिफोन पाच मिनिटं जिवंत झाला. सिस्टरांनी कुलाब्याकडच्या एका मठात फोन लावला. तिकडून उत्तर आलं की इथे नेहमीसारखाच पाऊस आहे, रस्ते चालू आहेत, तुम्ही एवढ्या घाबऱ्या का झालात? खरंच होतं ते. ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी कुलाब्याला मोजला गेला तो ७३. एकाच शहरात. सिस्टरांनी फोन ठेवला, क्रूसाची खूण केली आणि लांज्याच्या नावापुढे लिहिलं, ‘सुखरूप, ८.१०’. मग त्या उरलेल्या मुलींसाठी पुन्हा दोरी घेऊन बाहेर पडल्या.

त्या रात्री फळ्यावरचं बरंच काही वाहून गेलं. मुख्य रस्त्यावरून माणसांच्या रांगा चालल्या होत्या, गळ्यापर्यंत भिजलेल्या. काकांनी सिस्टरांकडे पाहिलं, सिस्टर म्हणाल्या, ‘बघता काय, उघडा फाटक.’ ते रात्रभर उघडंच राहिलं. कारखान्यांतले कामगार, कचेरीतल्या बायका, एक बसचालक, एक दमेकरी आजोबा, शाळेचं दप्तर पोटाशी धरलेला एक मुलगा. पुरुष प्रार्थनेच्या दालनात झोपले. स्वयंपाकाच्या मावशींनी मध्यरात्री दोन पातेली खिचडी लावली. प्रार्थनेची घंटा कुणी वाजवली नाही, पण महाडची एक मुलगी कोपऱ्यात नमाज पढत होती आणि तिच्या शेजारी गोव्याच्या दोघी जपमाळ ओढत होत्या. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने टॉर्च घेऊन फळ्यावरचे नियम मोजले. सत्तावीसपैकी एकोणीस मोडले होते. त्या मोडण्याने कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. उरलेल्यांत एकच असा होता, की तो नसता तर कुणाचं तरी मरण ओढवलं असतं. कुठे जाता ते लिहून जा.

आणि त्याच नियमाच्या वहीत एक ओळ खोटी होती.

लांज्याची मुलगी कलिन्याला तळमजल्यावरच्या घरात होती. चारला उंबऱ्यावरून पाणी आत आलं, साडेचारला गॅसच्या शेगडीपर्यंत. मुलांची आई नरिमन पॉइंटच्या कचेरीत अडकलेली, वडील परगावी. सात वर्षांचा एक, चार वर्षांची एक. तिने धाकटीला कडेवर घेतलं, थोरल्याला पुढे घातलं आणि जिना गाठला. वरच्या घरांत आधीच मावेनात इतकी माणसं. मग जिन्यावरच चौदा जण बसले. अंधार पडल्यावर काही दिसेना, म्हणून ती दर थोड्या वेळाने एक पाय खाली सोडून पायरी चाचपायची. पाणी पाचव्या पायरीवर. सहाव्या. तिने पुढे सांगितलं की वहीत ‘सुखरूप’ लिहिलं गेलं तेव्हा ते सातव्यावर असेल. ते अकराव्यापर्यंत चढलं आणि तिथे थांबलं.

वरून एका आजोबांनी विचारलं, ‘पोरी, तुझ्या घरी माहीत आहे ना, तू इथे आहेस ते?’

‘हो,’ ती म्हणाली. तेवढ्यापुरतंसुद्धा तिला खरं सांगता आलं नाही. धाकटी मांडीवर झोपली होती आणि तिचे ओले केस हिच्या दंडाला चिकटले होते. रात्रभर एकच विचार डोक्यात येत राहिला: मला आत्ता काही झालं तर मला कुणी इथे शोधायला येणार नाही, सगळे फोर्टला जातील.

सकाळी मुलांची आई नरिमन पॉइंटहून पायी चालत पोचली. तिने मुलांना जवळ घेतलं आणि ही निघाली. वाकोला, मग हमरस्ता धरून पार्ल्यावरून अंधेरी. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या, मेलेली जनावरं, आणि अनोळखी लोक हातात बिस्किटांचे पुडे घेऊन उभे. ती दीड वाजता गल्लीत शिरली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती आणि कंबरेपर्यंत चिखल वाळला होता.

सिस्टर फाटकाशीच बसल्या होत्या. ‘लांजा! फोर्टहून चालत आलीस?’

समोर वही उघडी होती. तिने आपल्या नावापुढचा शब्द वाचला.

‘सिस्टर, मी कलिन्याला होते.’

सिस्टर काही बोलल्या नाहीत. बराच वेळ. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘काल रात्री मी बाकी सगळ्यांसाठी देवाकडे मागत होते गं. तुझ्या एकटीसाठी मी फक्त आभार मानले.’

मुलगी रडली नाही, सिस्टर रडल्या. मावशींनी गरम पाण्याची बादली आणली.

रविवारी तिला कचेरीत बोलावणं आलं. कचेरीच्या भिंतीवर पंडिता रमाबाईंचा फोटो होता. सिस्टर कॅथलिक, रमाबाई त्या पंथातल्या नव्हेत, पण मुलींच्या राहण्याची सोय करणाऱ्या प्रत्येक बाईने त्यांच्यापुढे हात जोडावेत असं सिस्टर म्हणायच्या आणि दर मार्चमध्ये मुलींना शारदा सदनाची गोष्ट सांगायच्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ रमाबाईंनी विधवांसाठी आणि मुलींसाठी घर उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण तिथल्या मुलींना त्यांचे सोवळ्याचे आचार पाळायची मोकळीक. कुणाला प्रार्थनेला बोलावणं नाही, आणि कुणी आपणहून आलं तर हाकलणंही नाही. स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार त्या उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या आणि गावात काहूर उठलं. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनी लावलं नाही. ज्या घरात मुलींनी काही लपवू नये अशी इच्छा आहे, तिथे घर चालवणारीने आधी आपलं दार उघडं ठेवायला हवं, असा सिस्टरांचा त्या गोष्टीचा अर्थ होता. अनेक वर्षं त्या तो अर्थ सांगत आल्या होत्या.

‘मला एक सांग,’ त्या म्हणाल्या. ‘तू ‘कलिना, शिकवणी’ असं खरं लिहिलं असतंस, तर मी तुला जाऊ दिलं असतं का?’

मुलीने मान खाली घातली. ‘नाही, सिस्टर.’

‘वडिलांचं सांगितलं असतंस तर?’

‘तुम्ही फी माफ करायचा प्रयत्न केला असता. पण शिकवणी सोडायला लावली असती. घरी सहाशे रुपये कुठून गेले असते?’

सिस्टरांनी यावर काहीच उत्तर दिलं नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मुलीला दोष देणं सोपं होतं, आणि तो दोष होताही. दोन लहान जिवांना तिने वाचवलं म्हणून खोटं धुऊन निघत नाही. पण त्या बाई उत्तर न देता बसून राहिल्या, आणि मग एक असं काम केलं जे करायला धर्म कुठलाही असो, छाती लागते. त्यांनी जुलैची वही मुलीच्या हातात दिली. ‘खोली क्रमांक एकपासून फिरव. प्रत्येकीला सांग, आपल्या ज्या नोंदीत खोटं आहे तिच्यापुढे पेन्सिलने टिंब द्यायचं. मी पाहणार नाही कुणी कुठलं दिलं. मला फक्त मोजायचं आहे.’

वही दोन रात्री खोल्यांतून फिरली. परत आली तेव्हा तिच्यात सदतीस टिंबं होती. सिस्टरांनी दिव्याखाली धरून पुन्हा मोजली. बहुतेक टिंबं ‘कारण’पुढे होती. पण नऊ जणींच्या नोंदींत ते टिंब ‘कुठे’पुढेही होतं. कारण खोटं सांगायचं म्हणून जागाही खोटी सांगावी लागली होती, त्या नऊ जणींना. पावसाच्या रात्री ज्या रकान्यावर विसंबून त्या दोरी घेऊन निघाल्या, तो शेजारच्या रकान्याने पोखरून टाकला होता.

वरच्या सिस्टरांचं म्हणणं पडलं की लांज्याच्या मुलीला ठेवू नये; इतर पालक काय म्हणतील? सिस्टरांनी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, मग नऊ जणींना काढावं लागेल, आणि दहावी मी, कारण रेघ मी आखली. त्यावर विषय संपला. मुलीला शिक्षा झाली, दोन रविवार बाहेर जायचं नाही. ती तिने मुकाट्याने भोगली आणि ते योग्यच झालं.

नव्या महिन्याची वही आखायला सिस्टरांना त्या वेळी उशीर झाला. पट्टी धरून त्यांनी सहा रकाने आखले. नाव, खोली, कुठे, निघाली, परतली, सही. मधल्या जागेमुळे ‘कुठे’चा रकाना चांगला रुंद झाला, पत्ता आणि फोन नंबर मावेल इतका. चौदावा नियम त्यांनी फळ्यावरून काढला नाही, वरून परवानगी आली नव्हती. त्याखाली फक्त हाताने लिहिलं, ‘अडचण असेल तर बोला’. फाटकाची वेळ साडेसातच राहिली. मला विचाराल तर तीही बदलायला हवी होती. त्याच भागातल्या मुलांच्या वसतिगृहाला फाटकाची वेळच नव्हती. सुरक्षिततेचं नाव पुढे करून मुलींना मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विनियमांत लिहिलेलं आहे; मुलींनी ते वाचून ठेवावं आणि वसतिगृहं चालवणाऱ्यांनीही. सिस्टरांना त्या ऑगस्टमध्ये तेवढं सुचलं नाही. त्यांना एका रकान्यापुरतं सुचलं.

शिक्षा संपल्यावरच्या मंगळवारी लांज्याची मुलगी छत्री घेऊन फाटकाशी आली. पाऊस नव्हता, नुसतं भरून आलेलं. तिने पेन उचललं, ‘फो’ लिहिलं आणि थांबली. खोडलं. त्यापुढे ‘कलिना’ लिहिलं, इमारतीचं नाव लिहिलं, आणि सवयीने पुढच्या रकान्याकडे हात नेला तर तिथे ‘निघाली’ होतं.

सिस्टर चष्मा कपाळावर चढवून पाहत होत्या.

‘तळमजला ना गं तो? त्यांच्या वरच्या मजल्यावर कुणाकडे फोन आहे का? असेल तर तोही लिही.’

तिने आजोबांचा नंबर लिहिला.